सिंगल बारवर पोरगा आडवा होईपर्यंत जातो, पुढे पलटत नाही, काय चुकतंय?

दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षिकेचा प्रश्न आहे. मुलगा तेरा वर्षांचा, वजन ३८ किलो, मल्लखांबात चांगला. शाळेच्या मैदानावर जुना सिंगल बार आहे, दीड इंची जीआय पाइपचा. त्यावर तो झोके घेतो, पाय बारच्या उंचीला येतात, पण तिथून वर जाऊन पूर्ण फेरा, म्हणजे जायंट, काही होत नाही. "मॅडम, वर जाते पन पलटतच नाई," असं त्याचं म्हणणं. ताकद कमी पडत असेल म्हणून दोन महिने पुलअप्स वाढवले, तरी फरक नाही. जाता जाता हेही विचारलंय की डबल बारवरचे झोके याला उपयोगी पडतील का.

मॅडम, पुलअप्सनी फरक पडणार नव्हताच. का, ते आधी सांगतो. बारबद्दलही बोलायचं आहे, आणि ते जास्त गंभीर आहे, पण हिशोब कळल्याशिवाय ते पटणार नाही.

हात वर केल्यावर हा मुलगा बोटांपासून पायाच्या टोकापर्यंत साधारण १.८० मीटर भरत असेल. म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य बारपासून ९० सेंटीमीटरच्या आसपास, बेंबीजवळ. लटकलेल्या अवस्थेतून हा मध्य बारच्या पातळीला आणायला जितकी ऊर्जा लागते, तितकीच पुन्हा लागते तिथून हँडस्टँडपर्यंत, म्हणजे बारवर हातांवर उलटं उभं होईपर्यंत, न्यायला. पाय बारच्या उंचीला आले की पोराला वाटतं, आता थोडंच राहिलं. खरं तर निम्मंच काम झालेलं असतं. आणि 'थोडंच राहिलं' वाटतं म्हणून तो नेमका तिथे कोपर वाकवून स्वतःला वर ओढू बघतो. तुमच्याही मुलाचं असंच होत असणार, मल्लखांबवाल्या पोरांचं हटकून होतं.

आता ही उरलेली निम्मी ऊर्जा आणायची कुठून? खाली येताना गुरुत्वाकर्षण जे देतं, ते वर जाताना पुरेपूर वसूल करतं. वरून तळहाताचं घर्षण आणि हवा आपापला वाटा घेतात. अंग काठीसारखं ताठ ठेवून झुललं तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा बुटका होईल. भर घालता येते ती फक्त स्नायूंच्या कामातून, आणि तेही एकाच रीतीने: बाहेरची ओढ जास्त असते तेव्हा गुरुत्वमध्य बारच्या जवळ आणायचा, ओढ कमी असते तेव्हा लांब न्यायचा. श्रावणात निंबाला बांधलेल्या झोक्यावर उभ्याने झोका चढवणाऱ्या मुली बघा. तळातून जाताना त्या ताठ उभ्या राहतात आणि टोकाला पोचल्या की गुडघ्यात बसतात. तळाशी उभं राहताना मांड्या भरून येतात, कारण तिथेच काम होतं.

ढोबळ आकडे काढायला शरीर म्हणजे एकसारखी सरळ काठी असं धरू. आडव्या अवस्थेतून खाली आलेला पोरगा तळाशी पोचतो तेव्हा हातांवर त्याच्या वजनाच्या अडीचपट ओढ असते. त्या क्षणी त्याने गुरुत्वमध्य १० सेंटीमीटर बारकडे घेतला, तर गुरुत्वमध्य २५ सेंटीमीटर उचलण्याइतकं काम होतं. तेच १० सेंटीमीटर त्याने झोक्याच्या टोकाला, आडवा असताना घेतले तर? तिथे तो क्षणभर थांबलेला असतो, बारच्या दिशेने ओढ जवळपास शून्य. कितीही जोर लावला तरी पदरात काही पडत नाही. दोन महिन्यांचे पुलअप्स या जागी वाया गेले. प्रत्यक्षात अंग काठीसारखं नसतं आणि सगळं आखडणं एका क्षणात होत नाही, म्हणून खरा फायदा यापेक्षा कमी मिळतो. पण कुठे लावलेला जोर सार्थकी लागतो, हे आकडे बरोबर दाखवतात.

तळाच्या त्या हालचालीला आम्ही टॅप म्हणतो. ओव्हरग्रिप, म्हणजे पंजे वरून टाकून बार धरून, अंगाची पुढची बाजू आघाडीला ठेवून केलेल्या फेऱ्यात, म्हणजे बॅकवर्ड जायंटमध्ये, ती अशी येते. वरून खाली येताना अंग लांब, खांदे कानाला लागलेले, पोट किंचित आत. या आकाराला हॉलो म्हणतात. तळाच्या ४० ते ४५ अंश आधी छाती आणि कंबर पुढे निघतात, टाचा मागे रेंगाळतात, अंगाची कमान होते, ही आर्च. तळाच्या रेषेतून आधी कंबर जाते, पाय अजून मागेच असतात. रेषा ओलांडली रे ओलांडली की पायाची टोकं फटकन पुढे, पोट आत, पुन्हा हॉलो. मग हात सरळ ठेवूनच बारला खाली दाबत राहायचं, म्हणजे खांद्याचा कोन थोडा मिटतो आणि गुरुत्वमध्य आणखी जवळ येतो. आर्च ही शोभेसाठी नसते. तिच्यामुळे पोटाचे आणि कमरेच्या पुढच्या बाजूचे स्नायू आधी ताणले जातात आणि आखडायला लांब पल्ला मिळतो.

यात खरी अडचण वेळेची. आडव्यापासून येणारा हा मुलगा तळातून सेकंदाला सुमारे २३० अंशांच्या वेगाने जातो, पूर्ण जायंटमध्ये हा वेग ३२५ च्या पुढे जाईल. तेव्हा पायाची टोकं ताशी ३५ ते ३७ किलोमीटरने धावत असतात. ३० अंशांचा पल्ला सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत संपतो. "आता मार!" असं तुम्ही खालून ओरडलात तर शब्द कानात शिरेपर्यंत जागा निघून गेलेली असते. ओरडायचंच असेल तर बरंच आधी ओरडा. त्याहून बरं म्हणजे मोबाइल वापरा.

गवंड्याकडून ओळंबा आणा आणि बारच्या एका टोकाला, पोराच्या वाटेत येणार नाही असा, टांगा. मोबाइल बाजूने, झोक्याच्या पातळीशी काटकोनात, कशावर तरी पक्का ठेवा; हातात धरू नका. स्लो मोशन असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल: साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तळाशी दोन फ्रेमच्या मध्ये सात-आठ अंश जातात. कमर ओळंब्याच्या दोरीवर आली ती फ्रेम थांबवा. पाय दोरीच्या मागे दिसले तर वेळ बरोबर. पाय कमरेच्या सोबत किंवा पुढे गेले असतील तर टॅप लवकर झाला. सुरुवातीच्या बहुतेक मुलांचं हेच होतं. खाली येतानाच ते पाय पुढे फेकतात, अंग आखूड होतं, आणि गुरुत्वाकर्षणाकडून जे घ्यायचं होतं तेच कमी मिळतं. पाय दोरी ओलांडून ४५ अंश पुढे गेले तरी कमान सुटलेली नाही, तर टॅप उशिरा. तोवर ओढ ओसरायला लागलेली असते. कोपर कोणत्याही फ्रेममध्ये वाकलेलं दिसलं तर बाकीचं सोडा, आधी ते.

या विषयावर बरंच संशोधन इंग्लंडच्या लाफबरो विद्यापीठात येडन आणि हायली यांनी केलंय. मोठे खेळाडू आता टॅप आणखी उशिरापर्यंत ओढतात, बारच्या वर गेल्यावरही अंग बऱ्यापैकी मिटलेलं ठेवतात. त्याने हात सोडण्याची योग्य वेळ थोडी लांबते, म्हणजे क्षणाची चूक झाली तरी उतरणं बिघडत नाही. मुलांनी मोबाइलवर नेदरलँड्सच्या एप्के झोंडरलँडचा लंडन २०१२ चा सुवर्णपदकाचा संच पाहिलेला असतो, त्यातले हात सोडून केलेले ओळीने तीन प्रकार पाहून डोळे फिरतात. पण हात सुटल्यावर गिरकी कमावता येत नाही. जेवढी बारवर कमावली तेवढीच हवेत असते. अंग मिटून ती जलद करता येते, इतकंच. हे तुमच्या मुलाच्या कामाचं आज नाही. तो विचारणार म्हणून लिहून ठेवतो.

वरचा भाग थोडक्यात. फेरा जेमतेम पूर्ण होत असेल तर बारच्या पातळीपासून वर साधारण ३५ ते ४० अंशांवर हातांवरची ओढ शून्याला येते. तिथे मनगट फिरवून बारच्या वर आणायचं असतं. त्याआधी फिरवायला गेलं तर पकड सुटते. नंतर फिरवायला उशीर झालेला असतो, पोरगा मनगट खाली लोंबतं ठेवून हँडस्टँडला येतो आणि मागे पडतो.

हे 'मागे पडणं' नीट समजून घ्या. ओव्हरग्रिपमध्ये अंगठा ज्या बाजूला आघाडीवर असतो त्या बाजूने फिरणं सुरक्षित. अर्धवट गेलेला फेरा उलटा परत आला की हात बोटांच्या बाजूने उघडायला लागतात. शिवाय वर असताना हात सैल पडलेले असतात, खाली येताना ते झटक्याने ताणले जातात. साध्या झोक्यातही मागच्या टोकाला मुलं निसटतात ती याच कारणाने. म्हणून मागच्या टोकाला अंग हलकं झालं की दोन्ही हात किंचित उचलून मनगट परत बारवर बसवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. ही सवय नसलेल्या मुलाला मी उंच झोका घेऊ देत नाही.

आता तुमचा बार.

हँडस्टँडपासून सुरू झालेल्या फेऱ्यात तळाशी काठीच्या हिशोबाने वजनाच्या चौपट ओढ येते. ३८ किलोच्या मुलाची ती १५२ किलो, टॅपचा जोर वेगळा. पण उभी ओढ तेवढी वाईट नसते. तळाच्या ५० ते ५५ अंश अलीकडे आणि पलीकडे बारवर आडवी ओढ वजनाच्या सव्वादोन पटीच्या आसपास असते, एकदा मागे आणि लगेच पुढे. प्रत्येक फेऱ्यात खांब असे दोन्हीकडे हलवले जातात. स्पर्धेच्या बारला म्हणूनच चारही बाजूंनी पोलादी दोरांचे ताण दिलेले असतात. तुमच्या बारला ताण आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. शाळेतल्या बारला बहुधा नसतातच.

आणि आपली जमीन कशी, तर काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात गाडलेला खांब दर वर्षी थोडा थोडा सैल होतो. वरून हिरवळ आली की कोणाला दिसत नाही. खांब दोन्ही हातांनी जोरात मागे-पुढे हलवा आणि बुडाशी बघा: माती आणि काँक्रीट यांच्यात फट उघडमीट करत असेल, तर त्या बारवर लटकण्यापलीकडे काही करू नये. तुमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, भारी मातीचा थर इतका खोल की खणत गेलं तरी मुरूम हाती लागत नाही. तेव्हा खड्डा रुंद घेऊन माती बाहेर काढायची, बाहेरून आणलेला मुरूम थराथराने ठोकून भरायचा आणि मग काँक्रीट. ताणाच्या चारही खुंट्यांनाही हेच. खर्चाचं काम आहे, गावातल्या गावात होत नाही, हे मान्य.

पाइपचं म्हणाल, तर 'दीड इंची' हे आतल्या पोकळीचं माप. बाहेरून तो ४८ मिलिमीटर भरतो. स्पर्धेचा बार २८ मिलिमीटरचा असतो, मुलींच्या अनईव्हन बारचा दांडासुद्धा ४० चा. तेरा वर्षांच्या मुलाची बोटं ४८ मिलिमीटरभोवती फिरून अंगठ्याला भेटत नाहीत, म्हणजे तो मुठीने धरतच नाही, बोटांच्या आकड्याने लटकतो. अडीचपट ओढीला ती पकड कशीबशी टिकते, चौपटीला टिकेल असं धरून चालणं बरोबर नाही. दुसरं, पोलादी बार लवतो आणि परत सरळ होतो. जीआय पाइपला एकदा बाक आला की तो बाक राहतो. तुमच्याकडचं खारं पाणी त्यावर पडत असेल तर वेल्डिंगच्या सांध्यावर गंज बघा, रंगाखाली फुगवटे आलेत का बघा. पाइप आतूनही गंजतो, ते बाहेरून कळत नाही. काही ठिकाणी दोन मोठी माणसं लटकवून 'बार पक्का आहे' असं ठरवतात. लटकलेला माणूस फक्त खाली ओढतो, आडव्या हिसक्यांबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

गाद्यांचंही एक सांगतो, कारण सगळीकडे त्या चुकीच्या जागी दिसतात: नेमक्या बारखाली. बार स्पर्धेच्या उंचीचा, म्हणजे २.८० मीटरचा, धरला आणि मुलगा तळाशी सुटला, तर आजच्या त्याच्या झोक्याच्या वेगाने तो जमिनीवर येईपर्यंत सुमारे दोन मीटर पुढे गेलेला असेल. पूर्ण फेऱ्याच्या वेगाने जवळपास तीन मीटर. गाद्या पुढे आणि मागे पसरायला हव्यात. कापसाच्या गाद्या आपल्याकडे भरपूर, पण दबल्या की पाट होतात. पिंजून घेतल्या नसतील तर त्यांचा भरवसा धरू नका. आणि बार दोन मीटरपेक्षा बुटका असेल, तर हात वर करून १.८० मीटर भरणाऱ्या मुलाला पाय जमिनीपासून राखण्यासाठी तळाशी गुडघे वाकवावे लागतात, म्हणजे टॅप शिकायची सोयच राहत नाही. उंची मोजून बघा.

मुलगा मल्लखांबाचा आहे हे चांगलंच आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, म्हणजे १९१४ सालच्या संस्थेने, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली; त्या संस्थेच्या जिल्ह्यातलं पोर मल्लखांब करणारच. त्याचं धाडस, उलटं असताना दिशा न हरवणं, पोटाची ताकद, सगळं तयार मिळतं. पण खांबावर अंग खांबाला चिकटवायचं असतं, कोपरं आणि मांड्या आवळायच्या असतात. बारवर नेमकं उलट, खांदा पूर्ण उघडा आणि हात दोरीसारखे लांब. ही सवय जायला वेळ लागतो. रोज भिंतीला पोट लावून हँडस्टँड, खांदे कानाला, आणि लटकून फक्त खांद्याचा हॉलो-आर्च करायला लावा, झोका न घेता. आणखी एक बारीक गोष्ट: खांबाला लावलेलं एरंडेल हातावर राहतं. मल्लखांब करून तसाच बारवर आला तर कितीही मॅग्नेशियम पावडर लावा, पकड सरकणार. बारचा सराव आधी, मल्लखांब नंतर, असा क्रम ठेवा.

एवढं झाल्यावर माझं मत विचाराल तर या बारवर जायंट शिकवू नका. खांब हलत नसतील, सांधे साफ असतील, तर आडव्यापर्यंतचे टॅप झोके, तेही दर वेळी आठ-दहापेक्षा जास्त नाहीत. तळहाताला फोड आला की त्या दिवशी बंद. फेरा शिकायचा तो गुळगुळीत गोल बारवर, हातमोजे आणि लूप घालून, म्हणजे हात बारला पट्ट्यांनी बांधलेले असतात आणि सुटायची भीती नसते. तुमच्या पाइपवर लूप लावू नका, वेल्डचा खडबडीतपणा किंवा जस्ताचा कोंब कापड पकडतो आणि लूप फिरायच्या ऐवजी अडकतो. अमरावतीला नीट साधनं असलेल्या ठिकाणी मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवता आलं तर तिथल्या लूप-बारवर, टॅपची वेळ आधीच बसलेली असेल तर, हे काम फार लांबत नाही. वेळ बसवायचं काम मात्र तुमच्याकडेच होऊ शकतं, ओळंबा आणि मोबाइल घेऊन.

ऑनलाइन मिळणारे लाकडी कांडीचे चामडी ग्रिप्स सध्या घेऊ नका. मापाचे नसतील किंवा ताणून लांब झाले असतील तर चामडं स्वतःवरच गुंडाळलं जाऊन बारवर अडकतं. हात थांबतो, अंग फिरत राहतं आणि मनगटाच्या वरचं हाड मोडतं. ग्रिप्स द्यायचे ते प्रशिक्षकाने माप बघून.

डबल बारबद्दल: खांद्याची ताकद आणि अंग ताठ ठेवण्याची सवय यासाठी जरूर करा, टॅपसाठी उपयोग कमी. तिथे तो आधारावर असतो, झोका खांद्यातून होतो, आणि पाय मागे वर गेले की तोल राखायला खांदे पुढे न्यावे लागतात. बारपासून दूर नेणारी ओढ तिथे हातांना जाणवतच नाही, आणि या मुलाला शिकायची आहे ती नेमकी तीच ओढ.